ज्या खात्यामागे माणूस नसतो

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित असून तलावातील पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता उघडतात, आणि मग प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत उतरते. हा विसर्ग आणि राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी (इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर) एखाद्या कोल्हापुरी संस्थेला आपल्या चॅट सर्व्हरवर, म्हणजे स्वतः चालवलेल्या संदेश-यंत्रणेवर, आपोआप झळकवायची झाली, तर ती माहिती पाठवणाऱ्या खात्यामागेही माणूस नसतो. अशा खात्याला सिस्टीम खाते म्हणतात.

या खात्याला बाहेरच्या चोराइतकाच घरच्या टापटिपीच्या अ‍ॅडमिनचाही धोका असतो. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करताना यादीत या खात्यापुढे ना मोबाईल क्रमांक असतो, ना विभागाचे नाव. 'शेवटचा प्रवेश' हा रकाना तर बहुधा कोराच असतो, कारण संदेश पाठवणारा प्रोग्राम पासवर्ड टाकून आत येत नाही, तर टोकन नावाची गुप्त किल्ली वापरतो. साहजिकच हे खाते निरुपयोगी समजून साफसफाईत जाते. त्यानंतर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही; फक्त संदेश येत नाहीत, आणि न आलेला संदेश सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

लिनक्समध्ये सेवांच्या खात्यांना सामान्यतः १००० पेक्षा कमी क्रमांक देऊन त्यांचा थेट प्रवेश बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. झुलिप या मुक्तस्रोत चॅट प्रणालीने पुढचे पाऊल टाकले असून तिची सूचना देणारी अंगभूत खाती एका वेगळ्या अंतर्गत संस्थेत राहतात, त्यामुळे एरवी सर्वाधिकारी असलेल्या स्थानिक अ‍ॅडमिनचा हात तिथवर पोहोचत नाही.

'नक्की बंद करायचे का?' असा प्रश्न विचारून भागत नाही, कारण दिवसभरात असे वीस प्रश्न पाहणारा माणूस न वाचताच 'हो' म्हणतो. पडद्यावरचे बटण लपवणेही अपुरेच, कारण शेकडो खाती एकदम बदलणारी स्क्रिप्ट बटणाकडे फिरकतच नाही. म्हणून नकार सर्व्हरनेच द्यायला हवा, आणि तोही खात्याचे नाव पाहून नव्हे, तर त्याचा प्रकार पाहून. मात्र हे कुलूप सरसकट नसावे. टोकन फुटल्याचा संशय आला, तर ते तत्काळ बदलता आले पाहिजे, आणि कोणी, केव्हा बदलले याची नोंद सर्व्हरवर राहिली पाहिजे.