पांढऱ्या फटी आणि हरवलेले वरूड

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा नकाशा अकोल्यात एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या घरी संगणकाच्या पडद्यावर मी पाहिला, तेव्हा दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील गावांच्या शिवेशिवेवर बारीक पांढऱ्या फटी उमटल्या होत्या. वैशाखात काळी जमीन भेगाळावी तशा. हयात मोजणीच्या दप्तरात घालविलेल्या या काकांनी तत्काळ निकाल दिला : “नोंदीच चुकल्या बाप्पा. शिवेला शीव लागतच नाही.”

मी त्यांना एवढेच सुचविले, की एखादे शिवार जवळ आणून पाहावे. आणले, आणि फट नाहीशी झाली. दूर लोटले, पुन्हा उगवली. नोंदीतील दोष जवळ जाताच अधिक ठसठशीत होतो. चितारण्यातील दोष मात्र असा लपंडाव खेळतो.

हा नकाशा ‘क्यूजीआयएस’ या मुक्त प्रणालीत काढला होता. गॅरी शर्मन यांनी 2002 साली आरंभिलेली ही प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि तिची अंतर्गत रचना कोणालाही वाचता येते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे प्लगइन मुंबईच्या आयआयटीने हिच्याच आधारे रचले. आता, गावाची सीमा म्हणजे शेकडो बिंदूंची माळ. सबंध जिल्हा पडद्यावर असताना ते सर्व काढीत बसणे हा कालापव्यय, म्हणून प्रणाली त्यांतील काही गाळते. परंतु प्रत्येक गावाची माळ ती स्वतंत्रपणे विरळ करीत असल्यामुळे सामायिक शिवेवर या गावाचा एक बिंदू गळतो, शेजारच्याचा दुसराच, आणि मधून पांढरा कागद डोकावतो. गावांच्या सीमा ज्या थरात आहेत, त्याच्या गुणधर्मांतील ‘रेंडरिंग’ या पानावर या सुलभीकरणाची खूण काढून टाकली, की फटी मिटतात. नकाशा मात्र रेंगाळत उमटतो. “येऊ द्या दमानं,” काका म्हणाले, “साखळीनं मोजत होतो तवा का लवकर होत होतं?”

गाविलगडाचे डोंगर त्रिमितीत पाहू जाता पडदा काळा पडतो, ते प्रकरण निराळे. तेथे प्रणाली ओपनजीएल या चित्रणमाध्यमाच्या द्वारे ग्राफिक कार्डाकडून काम करवून घेते. म्हणून प्रथम त्या कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

दोष नोंदीत नसून चितारण्यात असतो, हा धडा काकांनी इतका मनावर घेतला, की पुढच्या खेपेस अमरावती जिल्ह्याच्या नकाशातून संत्र्यांचे वरूड गडप झाले, तेव्हा त्यांनी थेट ग्राफिक कार्डावरच आरोपपत्र ठेवले. या वेळी कार्ड निर्दोष होते. यूटीएम या मापनपद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून प्रत्येकात स्वतंत्र मोजतात, आणि 78 अंश रेखांशावर पट्टा बदलतो : अकोला व अमरावती ही शहरे 43 व्या पट्ट्यात, वरूड 44 व्या. (लॅम्ब्टनने आरंभिलेली भारताची महामोजणीही याच रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत होती; 1823 साली तो हिंगणघाटला वारला.) वरूडचे मोजमाप 44 व्या पट्ट्याचे होते, दाखल्यावर मात्र 43 लिहिलेले; तेव्हा सबंध गाव सहा अंश पश्चिमेस सरकले. नकाशा पुरता दूर लोटला, तेव्हा सव्वासहाशे किलोमीटरांवर खंभातच्या आखाताच्या किनाऱ्याशी ते सापडले. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता संत्री बोटीनं आणा लागन.”