पोस्टमनचे तीन वाजले

अलिबागच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या गर्दीत कोण कुणासोबत होतं, हे आपण चार दिवसांनी नेमकं सांगू शकू? २६ जानेवारी १९६६ ला ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या ग्लेनेल्ग किनाऱ्यावरून बोमाँट कुटुंबातली ९, ७ आणि ४ वर्षांची भावंडं नाहीशी झाली. साक्षीदारांनी त्यांच्यासोबत एक उंच, सडपातळ पुरुष पाहिला होता. पोस्टमन आधी म्हणाला, मुलं दुपारी तीनला दिसली. नंतर म्हणाला, सकाळी. एवढ्यानं तपासाचे तासच हलले. बेकरीत मुलांनी एक पौंडाची नोट दिली. आईनं तर फक्त नाणी दिली होती! ही साक्ष पडताळता आली, म्हणून वजनदार. नुसत्या वर्णनाशी मात्र अनेक संशयित जुळले. गुन्हा एकावरही सिद्ध झाला नाही. म्हणून आपण पाहिलेलं, वेळेसकट, त्याच दिवशी लिहून ठेवायचं.