वारांचा श्रावण

श्रावणाचं पान आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरात मोकळा चौकोन सापडत नाही. सोमवारी शिवामूठ, मंगळवारी मंगळागौर, बुधवारी बुध, गुरुवारी बृहस्पती, शुक्रवारी जरा-जिवंतिका, शनिवारी अश्वत्थ-मारुती आणि नृसिंह, रविवारी आदित्य. आठवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. मधूनमधून नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा ठळक अक्षरांत येतात आणि आपलं लक्ष तिकडंच जातं. श्रावणाचं वेगळेपण मात्र त्या बारीक टायपातल्या वारांत आहे. पाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी हे सगळे तिथीचे सण. मार्गशीर्षात गुरुवार धरतात, पण तो एकच वार. सातही वार कामाला लावणारा महिना मराठी वर्षात दुसरा नाही.

असं का झालं असावं, याचा विचार करताना आधी तिथी किती किचकट आहे ते बघावं लागतं. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढं सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमी-जास्त होते, म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत उरकते, तर एखादी २६ तासांपर्यंत रेंगाळते. ती पहाटे लागेल की भर दुपारी, याचाही नेम नाही. मग एकादशी आजची की उद्याची, हा वाद ठरलेला. असे वाद सोडवण्यासाठी कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला आणि १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला. दोन सिंधू झाले तरी वाद आहेतच. वाराला यातलं काही लागत नाही. सूर्य उगवला, वार बदलला. पंचांग नको, गणित नको, विचारायला कुणाकडं जायला नको. त्यात श्रावणात आभाळ भरलेलं. चंद्राची कोर बघून तिथी ताडावी म्हटलं तर चंद्र आठ-आठ दिवस दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, घरातल्या घरात बायकांनी चालवलेली व्रतं वाराला चिकटली. याला पोथीतला दाखला देता येणार नाही, पण व्रतांची यादीच पाहा. गुरुजींना न बोलावता होणारी श्रावणातली बहुतेक व्रतं वारांची आहेत. मंगळागौरीच्या पूजेला गुरुजी येतात, तो अपवाद. पिठोरीही आया घरीच करतात आणि ती तिथीवर आहे, पण ती तिथी अमावास्येची. अमावास्या कुणालाही कळते.

गंमत अशी, की वार हा आपल्याकडं तिथीच्या मानानं पोरसवदा. महाभारतात तिथ्या आहेत, नक्षत्रं आहेत, वारांची नावं नाहीत. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथं बुधगुप्ताच्या काळातला स्तंभलेख आहे. गुप्त संवत १६५, म्हणजे इसवी सन ४८४ मधल्या या लेखात तिथीबरोबर गुरुवारही दिला आहे. वाराचा नक्की उल्लेख असलेला आपल्याकडचा हा सर्वांत जुना लेख मानतात. ग्रहांच्या नावांचा सात दिवसांचा आठवडा ग्रीक-बाबिलोनी ज्योतिषाच्या वाटेनं इकडं आला आणि इतका रुळला, की तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’ लिहायला बसला, तेव्हा त्याच्या व्रतखंडात तिथिव्रतांच्या जोडीला वारव्रतांचाही संसार मांडावा लागला.

देव मात्र वारांपेक्षा जुने. त्यांना वार मागाहून मिळाले. याचा सगळ्यांत चांगला नमुना म्हणजे जिवतीचा कागद.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात पूजेच्या साहित्याच्या दुकानात हा कागद टांगलेला दिसतो. वर खांबातून प्रकटलेला नृसिंह, त्याखाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग मांडीवर आणि अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, तळाशी हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. रंग भडक, छपाई बेताची, किंमत फुटकळ. दीप अमावास्येला किंवा श्रावणाच्या पहिल्या दिवशी तो देवघराजवळ भिंतीला चिकटवायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चार चित्रं एकत्र का, असा प्रश्न पडतो. कॅलेंडर शेजारी धरलं की उलगडा होतो. नृसिंह शनिवारचा, कालियामर्दन नागपंचमीचं, जरा-जिवंतिका शुक्रवारच्या, बुध-बृहस्पती आपापल्या वारांचे. हा कागद म्हणजे श्रावणाचं वेळापत्रकच. सोमवारची पिंड, मंगळवारची अन्नपूर्णा आणि रविवारचा सूर्य यांची सोय वेगळी असते, म्हणून ते यात नाहीत. कागदावरच्या बहुतेकांचा संबंध लहान मुलांशी आहे, हेही बघण्यासारखं. नृसिंह प्रल्हादासाठी धावून आलेला आणि कालियाला नमवणारा कृष्ण स्वतःच पोर.

यातली जरा कोण? महाभारताच्या सभापर्वात ती भेटते. मगधाचा राजा बृहद्रथ निपुत्रिक. चंडकौशिक ऋषींनी दिलेला आंबा त्याच्या दोन्ही राण्यांनी अर्धा-अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं-अर्धं मूल झालं. घाबरून ती शकलं चौकात टाकून दिली. जरा नावाची राक्षसी तिथं आली, न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही शकलं जुळवली, आणि मूल जिवंत होऊन रडू लागलं. तिनं ते खाल्लं नाही, राजाच्या हाती दिलं. तोच जरासंध. त्या वेळी ती राजाला जे सांगते ते कमाल आहे: जो भक्तीनं मला मुलांसह, तरुण रूपात घराच्या भिंतीवर काढील, त्याच्या घराची भरभराट होईल. म्हणजे कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये सेलोटेप लावून डकवलेल्या त्या कागदाची आज्ञा महाभारतातली आहे. मुलं खाणारी ती मुलं राखणारी झाली, राक्षसीची देवी झाली, मागाहून तिला शुक्रवार मिळाला आणि हातानं काढायच्या चित्राची जागा छापखान्यानं घेतली.

शुक्रवारी जिवतीला आघाडा, दूर्वा आणि फुलांची माळ घालतात, कापसाचं गेजवस्त्र वाहतात. सवाष्ण जेवायला, पुरणावरणाचा स्वयंपाक. पुरणाचेच दिवे करून त्यात तुपाची वात लावायची, मुलांना ओवाळायचं आणि मग ते दिवे मुलांनीच खायचे. संध्याकाळी हळदीकुंकू, आलेल्या बायकांना दूध-साखर आणि गूळ-फुटाणे. मूल घरी नसेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. पूर्वी या अक्षता दुसऱ्या गावी शिकायला राहिलेल्या मुलासाठी असत, आता त्या टोरांटो आणि सिडनीच्या दिशेनं पडतात. दिशा नेमकी कुठली, याची पंचाईत नको म्हणूनच चारी दिशांची सोय असावी.

या दिवसाची कहाणी थरारक आहे. राणीला मूल होत नाही, म्हणून सुईण एका गरीब बाळंतिणीचं मूल पळवून राणीला देते आणि बाळंतिणीला सांगते, तुला वरवंटा झाला. ती बाई जिवतीची उपासना धरते: हिरवं लुगडं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही. मुलगा राजा होतो. पुढं गावजेवणात तो पंगतीत वाढत तिच्यासमोर येतो, तिच्या स्तनांतून धार फुटून थेट त्याच्या तोंडात उडते, आणि सगळं उघड होतं. अशी गोष्ट देवघरासमोर हातात अक्षता घेऊन, गणगोतातल्या कुणाची हकिगत सांगावी तशी सांगतात. पावसाळा हा पोरांच्या जिवावर उठणारा काळ. हगवण, ताप, पटकी. डॉक्टर, लस यांच्या आधीच्या काळात आईच्या हातात एवढंच होतं.

श्रावणी कहाण्यांमधलं नीतिशास्त्र हे पोथ्यांच्या मानानं बरंच उदार आहे, असं माझं मत. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा राजाचा हट्ट. दवंडी पिटली, गावातलं सगळं दूध देवळात गेलं. वासरं, पोरं उपाशी राहिली. गाभारा काही भरेना. एक म्हातारी मुलांना पाजून, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन आली, तिनं ते ओतलं आणि गाभारा भरला. आधी घरातली तोंडं, मग देव. पिंडीवर पिशव्या रित्या करणाऱ्या मंडळींनी ही कहाणी दर सोमवारी एकदा ऐकावी.

बुध-बृहस्पतीच्या कहाणीत मामा-भाचे भिक्षेला येतात आणि राजाच्या सुना ‘हात रिकामे नाहीत’ म्हणून त्यांना घालवतात. घराला दैन्य येतं, धाकटी सून क्षमा मागते. तिला उपाय सांगितला जातो तो बाहुल्यांचा. मूल हवं तर पाळण्यावर दोन बाहुल्या काढ, धन हवं तर पेटीवर, धान्य हवं तर कोठीवर, माणूस भेटायला हवं असेल तर दाराच्या मागं. इथंही पुन्हा भिंतीवर, लाकडावर चित्र काढणंच. मूर्ती नाही, मंत्र नाही. शनिवारच्या कहाणीतली गरीब सून अचानक आलेल्या अतिथीला केनीकुर्डूची भाजी करते, ती रानात फुकट मिळणारी, ऐन पावसाळ्यातली. शनिवारी मुंज झालेल्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालून जेवायला बसवायची पद्धत होती. आता असा मुलगा मिळणं कठीण, कारण शनिवारी त्याचा क्लास असतो.

मंगळागौरीचं उलट झालं. नव्या लग्नाच्या मुलीनं पाच वर्षं करायची पूजा, सोळा पत्री, रात्रीचं जागरण आणि झिम्मा, फुगडी, पिंगा, किस बाई किस हे खेळ. सासरी कोंडलेल्या पोरीला रात्रभर उड्या मारायला समाजानं दिलेली ती परवानगी होती. आज हॉल, माइक, नऊवारीतला ठरवून बोलावलेला ग्रुप आणि त्याचे ठरलेले दर. जुन्या बायका नाकं मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही. पन्नाशीच्या बायका तालमी करून, घामाघूम होऊन खेळतात, यजमानीणबाई मात्र खुर्चीत बसून मोबाइलवर चित्रण करतात, एवढंच जरा खटकतं.

शिवामुठीचा क्रम तांदूळ, तीळ, मूग, जव असा. पाचवा सोमवार आला तर सातू. २०२४ मध्ये श्रावण सोमवारी, ५ ऑगस्टला लागला आणि पाचवा सोमवारही मिळाला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज. व्रतं निज महिन्यात करायची, अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. २०२५ मध्ये त्यांचा ११ जुलैला लागला, आपला २५ ला. गोकुळाष्टमीला आपण श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात, दिवस तोच. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात आणि मगच बोटी पाण्यात लोटायची जुनी रीत. यांत्रिक बोटींच्या मासेमारीवरची सरकारी बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै अशी इंग्रजी तारखांनी चालते, म्हणून ऑगस्टमध्ये पौर्णिमा उशिरा आली की बोटी आधीच पाण्यात गेलेल्या असतात.

आता उपवास. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही थट्टा आपण पिढ्यान् पिढ्या करतो, पण उपवासाच्या ताटाकडं नीट बघत नाही. बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा, साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. बहुतेक गोष्टी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आल्या. राजगिराही मुळात तिकडचाच. उपवासाला धान्य वर्ज्य, आणि धान्यांची यादी ठरली तेव्हा हे पाहुणे इथं नव्हतेच. यादीत नाव नाही, म्हणजे मनाई नाही. वरई आणि शिंगाडा मात्र आपले जुने. साबुदाणा आधी मलायातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक तुटली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचे कारखाने उभे राहिले. आपल्या खिचडीतला दाणा बहुधा तिथलाच असतो.

श्रावणी सोमवारचा उपवास मात्र एकादशीसारखा दुसऱ्या दिवसापर्यंत ओढायचा नसतो. तो संध्याकाळीच सोडतात, वरण-भात, अळूची भाजी, काहीतरी गोड. त्यासाठीच कित्येक शाळा या दिवशी लवकर सुटायच्या; काही अजूनही सुटतात. दिवसभर काय चालतं आणि काय चालत नाही, यावर दोन घरांचं एकमत नाही. कुणाकडं जिरं चालतं, कुणाकडं हळद अजिबात नाही, विदर्भात भगर आणि शेंगदाण्याची आमटी तर दुसरीकडं फक्त खिचडी. माहेरी खिचडीवर भुरभुरलेली कोथिंबीर सासरी चालत नाही, हे नव्या सुनेला पहिल्या श्रावणी सोमवारी कळतं, तेही खिचडी परतून, कोथिंबीर घालून झाल्यावर.