पुढच्या वाचणाऱ्यासाठी

माझा भाचा प्रोग्राम लिहिण्याचं काम करतो. मध्यंतरी तो दोन रात्री झोपला नव्हता. नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी प्रोग्राम अडला होता आणि त्यात नावं होती ‘एक्स’, ‘एक्स-वन’, ‘एक्स-टू’! तो म्हणाला, “मामू, चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. शोधायला मात्र दोन रात्री गेल्या.”

कविता एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते. प्रोग्रामचंही तसंच आहे, हे मला तेव्हा कळलं. ‘पायथन’ ही संगणकाची भाषा १९९१मध्ये लोकांसमोर आणणाऱ्या गिडो व्हॅन रॉसम यांचा याच गोष्टीवर भर होता. २००१मध्ये या भाषेच्या लेखनाचे संकेत ठरले. ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवावी, आतली ओळ चार जागा सोडून सुरू करावी, नावं अर्थ सांगणारी असावीत. एका परीनं हे शुद्धलेखनाचे नियमच.

आता ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट’ म्हणजे काय? सुताराच्या हत्यारांची पेटी असते ना, तशी ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तयार पेटी. ती एकजण बनवतो आणि हजारो अनोळखी माणसं वापरतात. म्हणून तिची निगा अधिक राखावी लागते.

ॲमेझॉन कंपनीच्या संगणक-सेवा पायथनमधून वापरण्यासाठी ‘बोटो’ नावाची अशी पेटी होती. ॲमेझॉन नदीतल्या डॉल्फिनचं हे नाव. तिच्यात प्रत्येक सेवेसाठीचा मजकूर हातानं लिहिलेला होता. सेवा वाढल्या, तसा तो पसाराही वाढला. जून २०१५मध्ये ‘बोटो-थ्री’ सर्वांसाठी खुली झाली. तिनं वेगळी वाट धरली. सेवा कोणती कामं करते, काय मागते, काय परत देते, याचं वर्णन वेगळ्या फाइलींत ठेवलं. ते वाचून लागणारी फंक्शनं प्रोग्राम चालू असतानाच तयार होतात. तेच ते पुन्हा लिहिणं टळलं, की चुकांच्या जागाही कमी होतात.

पण सुधारणा करताना जुन्या माणसांना उघड्यावर टाकायचं नसतं. नव्या पेटीला वेगळं नाव दिल्यामुळे जुनी आणि नवी शेजारी-शेजारी वापरता येत होत्या. पुढे पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. बोटो-थ्रीनं मात्र त्या आवृत्तीची साथ जुलै २०२१मध्ये सोडली, तीही आधी सूचना देऊन. पेटीतल्या हत्याराचं नाव बदलणं म्हणजे दिलेला शब्द फिरवणं. बदलायचंच असेल तर आधी सांगावं, मुदत द्यावी आणि नवी वाट दाखवावी.

भाचा आता प्रत्येक फंक्शनसोबत दोन ओळींचा खुलासा लिहितो. बदल केला की आधीचं काही बिघडलं नाही ना, हे तपासणाऱ्या छोट्या चाचण्याही चालवतो. मी विचारलं, “एवढा वेळ मिळतो?”

तो म्हणाला, “मामू, माझ्यानंतर इथं जो बसेल, त्याला रात्री झोप लागली पाहिजे.”