दुकानातला शिवेचा दगड

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या शहरात राहत असाल, तर आज बाहेर पडल्यावर एक काम करा. फोन खिशात ठेवा आणि जुन्या इमारतींच्या भिंतींकडे बघत चाला. एखादी छोटी लोखंडी पाटी किंवा दगड दिसेल. त्यावर दोन-तीन आद्याक्षरं आणि एक साल, बस. शेजारीच वेगळ्या अक्षरांची दुसरी पाटी असेल, तर तुम्ही बरोब्बर सीमेवर उभे आहात. पॉडकास्टच्या या भागात या पाट्यांचा ओझरता उल्लेख झाला होता. इथे जरा सविस्तर बघू.

ती अक्षरं पॅरिशची असतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग. पण तो नुसता धार्मिक मामला नव्हता. 1601 च्या कायद्याने आपल्या हद्दीतल्या गरिबांना पोसायची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली, आणि त्यासाठीचा कर तिथल्याच रहिवाशांकडून वसूल व्हायचा. रस्त्यांची डागडुजीही पॅरिशकडेच होती. मग 1662 चा कायदा आला. बाहेरून आलेला माणूस उद्या आपल्यावर बोजा होईल असं वाटलं, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायची सोय त्यात होती. लग्नाशिवाय जन्मलेलं मूल जिथे जन्मेल तिथलं धरलं जायचं. त्यामुळे दिवस भरत आलेल्या अविवाहित बाईला घाईघाईने हद्दीपलीकडे नेऊन सोडल्याच्याही नोंदी आहेत. शिवेचा दगड चार हात इकडे की तिकडे, यावर कुणाला भाकरी मिळणार हे ठरायचं.

आता प्रश्न असा, की ही हद्द लक्षात ठेवायची कशी? नेमके नकाशे बहुतेक ठिकाणी नव्हते. म्हणून दरवर्षी किंवा काही वर्षांनी सगळं गाव हद्दीवरून चालायचं. ईस्टरपासून मोजून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे असेन्शन डेला किंवा त्याच्या आगेमागे, व्हिकर, कारभारी आणि पोरंटोरं निघायची. प्रत्येक खुणेवर काठ्या आपटायच्या. काही ठिकाणी पोरांनाच दगडावर आपटायचे, नाहीतर फटके द्यायचे, आणि मग खाऊ किंवा नाणं हातावर ठेवायचे. क्रूर वाटतं, पण हिशोब सरळ होता. दहा वर्षांचं पोरगं ती जागा जन्मभर विसरणार नाही आणि पन्नास वर्षांनी वाद झाला तर साक्ष देईल.

ही फेरी म्हणजे खरं तर तपासणी होती. दगड जागेवर आहे का? कुणी सरकवला का? अक्षरं वाचता येतात का? शेजारच्या पॅरिशचे लोक समोर आले तर मारामारीही व्हायची. टॉवर ऑफ लंडन आणि शेजारचं ऑल हॅलोज चर्च यांच्यात 1698 मध्ये अशीच जुंपली होती.

शहर वाढलं तशी पंचाईत झाली. ओढा ही हद्द असेल, तर तो पाइपात गेला. झाड असेल, तर ते तोडलं. शेताच्या कडेवर घरांची रांग उभी राहिली आणि रेषा कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाऊ लागली. मग दगडाऐवजी भिंतीवर पाटी ठोकायची पद्धत रुळली. इमारत पाडली की नव्या भिंतीवर ती पुन्हा बसवायची. म्हणूनच काही ठिकाणी एकाच जागी वेगवेगळ्या सालांच्या पाट्या दिसतात. ऑक्सफर्डमध्ये सेंट मायकल ॲट द नॉर्थ गेट या चर्चची मंडळी आजही ही फेरी काढतात. त्यांची वाट दुकानांमधूनही जाते, अगदी मार्क्स अँड स्पेन्सरमधूनही! दगडावर खडूने खूण करायची, काठ्या मारायच्या, ‘मार्क, मार्क, मार्क’ ओरडायचं आणि पुढे निघायचं.

आपल्याला हे काही फार परकं नाही. मुंबईतलं ‘सायन’ म्हणजे मुळात शीव, मुंबई बेटाची हद्द. शिलाहारांच्या काळातले गधेगाळ बघा. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि दान मोडणाऱ्यासाठी खाली गाढवाची शिवी. बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेल्याच्या गोष्टी तर तुमच्या आजोबांनाही माहीत असतील.

1865 मध्ये गरिबांचा खर्च एकेका पॅरिशऐवजी अनेक पॅरिशच्या संघावर गेला आणि या दगडांमागची निकड ओसरली. आज त्यांचे शत्रू साधे आहेत: रस्तारुंदीकरण, गवत कापायची यंत्रं, रंगारी, नवा प्लास्टर. काही दगडांना कायद्याचं संरक्षण आहे, सगळ्यांना नाही.

तुम्हाला एखादा सापडला तर तारेच्या ब्रशने घासू नका, सरळ करायला हलवू तर मुळीच नका. दगड जागेवर असेल तरच तो काही सांगतो. फोटो काढा, अक्षरं, साल आणि नेमकी जागा लिहून ठेवा. मग ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या नकाशात ‘बी.एस.’ म्हणजे सीमादगड किंवा ‘बी.पी.’ म्हणजे सीमाखांब अशी खूण तिथे आहे का ते ताडून बघा. दगड मोडका असेल किंवा तिथे बांधकाम सुरू असेल, तर कौन्सिलच्या वारसा-विभागाला कळवा.

या देशात आपण बाहेरून आलेले. ‘हा इथला की बाहेरचा’ हा प्रश्न आपल्या वाट्याला अधूनमधून येतोच. एके काळी तो शेजारच्या गल्लीतून आलेल्या माणसालाही विचारला जायचा, आणि त्याचं उत्तर या दगडावरून ठरायचं.