सामाईक सातबारा : हक्कसोडपत्राचा दस्त (लेखांक सहावा)

वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला की मृत खातेदाराची विधवा, मुलगे आणि मुली यांची नावे सातबाऱ्यावर एकाखाली एक येतात, आणि सरसनिरस वाटप होईपर्यंत त्या गटातील प्रत्येक गुंठ्यात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा राहतो. या सामाईक धारकांपैकी एखाद्याने आपला हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या लाभात कायमचा सोडून देण्याच्या लेखाला हक्कसोडपत्र म्हणतात. हा लेख सहहिस्सेदाराच्याच लाभात होऊ शकतो. परक्या व्यक्तीला हिस्सा द्यायचा असेल तर खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करावे लागते, मग शीर्षक काहीही दिलेले असो.

ज्याला हक्क सोडायचा आहे त्याचा हक्क आधी निर्माण झालेला असला पाहिजे, ही साधी अट ग्रामीण व्यवहारात वारंवार विसरली जाते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला पुढे वारसाने हिस्सा मिळण्याची केवळ शक्यता असते, आणि अशा शक्यतेचे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 6 नुसार करता येत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे, कारण हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार ठरली. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये दिला.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेतील हक्क संपुष्टात आणणारा लेख नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 खाली सक्तीच्या नोंदणीत मोडतो आणि तो सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकापुढे सादर करायचा असतो. तरीही बहिणींनी तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबावरून किंवा साध्या स्टॅम्पपेपरवरील संमतीवरून त्यांची नावे कमी केल्याचे फेरफार जुन्या नोंदवह्यांत पानोपानी सापडतात. महसुली नोंद मुळात सारावसुलीसाठी असते आणि तिने मालकी निर्माण होत नाही वा संपत नाही, ही भूमिका न्यायालयांनी सातत्याने घेतली असल्याने, असे नाव सातबाऱ्यावरून गेले तरी हिस्सा गेला असे समजणे धाडसाचे ठरते. उलट नोंदणीकृत हक्कसोड एकदा झाली की मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. ती रद्द करून घ्यायची तर फसवणूक किंवा दडपण दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते. म्हणून ‘नुसती सही’ म्हणून पुढे केलेला कागद सही करणारीने आधी पूर्ण वाचून घेणे अगत्याचे आहे.

हिस्सा कोणाच्या लाभात सोडला, हे दस्तात स्पष्ट असावे. आई, दोन भाऊ आणि एक बहीण यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा असताना बहिणीने तो तिघांच्या लाभात समप्रमाणात सोडला तर प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश होतो, पण एकाच भावाचे नाव लिहिले तर त्याच्याकडे निम्मी जमीन येते. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या ठरावीक नातलगांच्या लाभातील हक्कसोडीला महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्क पडते. त्या नात्यांबाहेर मात्र शुल्काची आकारणी खरेदीखताप्रमाणे होते.

दस्त नोंदल्यावर तलाठी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा या दस्ताने उतरत नाही.

सर्वांनी आपापला हिस्सा ठेवायचा असेल तर मार्ग वाटपाचा असतो, आणि तेथे तुकडेबंदी आडवी येते. 2023 च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्यामुळे चौघांच्या एक एकर जिरायतीचे 10-10 गुंठ्यांचे चार पोटहिस्से पडू शकत नाहीत. अशा लहान गटांत एखाद्या सहहिस्सेदाराने योग्य मोबदला घेऊन, तो दस्तात लिहून, हिस्सा सोडणे अनेकदा व्यवहार्य ठरते. क्षेत्र पुरेसे असल्यास सहधारकाच्या अर्जावरून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली वाटप मागता येते, मात्र मालकीचाच वाद निघाला तर तो दिवाणी न्यायालयातून निकाली निघेपर्यंत ते वाटप थांबते.