झोपेची किंमत कोणी भरायची?

आमची फजरची नमाज आटोपते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. आमच्या मामेबहिणीचा मुलगा तिकडे ट्रक चालवतो. घर शिकागोजवळ, पण आठवड्यातल्या पाच रात्री ट्रकमध्येच जातात. सीटच्या मागे अरुंद पलंग असतो, त्यावरच झोपायचे. गेल्या महिन्यात पहाटेच त्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो म्हणाला, "खाला, अम्मींना जरा तुम्हीच समजवा. पार्किंगला अठरा डॉलर दिले म्हणून रागावल्यात."

दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही बहिणीकडे गेलो. ती म्हणाली, "अठरा डॉलर म्हणजे दीड हजार रुपये! गाडी नुसती उभी करायला? आणि शेजारीच फुकट जागा असते म्हणे."

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. धाकट्या मुलीचे लग्न ठरले आहे, मुलगा त्यासाठी पैसे जमवतो आहे. त्या घडीला आम्हीही कदाचित हेच बोललो असतो. पण नंतर मुलाकडून सगळे नीट समजून घेतले, थोडे वाचले, आणि आमचे मत बदलले. आपल्या कितीतरी घरांची चूल ड्रायव्हरच्या कमाईवर पेटते. म्हणून ते इथे मांडतो आहोत.

घड्याळ थांबवते, जागा कोण देणार?

अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला कितीही तास गाडी हाकता येत नाही. सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर त्याचा कामाचा दिवस सुरू होतो. त्यानंतरच्या 14 तासांत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. डिसेंबर 2017 पासून बहुतेक ट्रकमध्ये ही नोंद इंजिनाला जोडलेले यंत्र ठेवते. पूर्वीसारखी वहीत फिरवाफिरव चालत नाही.

नियम चांगलाच आहे. झोपाळलेला ड्रायव्हर स्वतःचाही घात करतो आणि दुसऱ्याचाही. पण तास संपले की थांबायचे, हे कायदा सांगतो. कुठे थांबायचे, ते सांगत नाही. सत्तर फूट लांबीची गाडी काही गल्लीत लावता येत नाही. सरकारने 2019 मध्ये केलेल्या पाहणीत देशभरात ट्रकसाठी सुमारे 3 लाख 13 हजार जागा आढळल्या. ट्रकवाल्यांची मोठी संघटना, अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स, सांगते की दर अकरा ड्रायव्हरमागे एक जागा आहे. मग बाकीच्यांनी काय करायचे? कोणी हायवेवर चढण्या-उतरण्याच्या रॅम्पच्या कडेला गाडी लावतो, कोणी बंद दुकानाच्या आवारात, कोणी नुसता चकरा मारत राहतो.

फुकटची आणि विकतची

तिकडच्या मोठ्या हायवेंवर सरकारी विश्रांतीस्थळे आहेत. मात्र 1956 च्या कायद्यामुळे तिथे डिझेलचा पंप किंवा खानावळ चालवता येत नाही. म्हणून हायवेवरून खाली उतरल्यावर खासगी ट्रक स्टॉप उभे राहिले. डिझेल, जेवण, आंघोळ, कपडे धुणे, सगळे एकाच ठिकाणी. गाडी लावायला पैसे नसत. गाडी थांबली की ड्रायव्हर डिझेल भरणार, चार घास खाणार, हा हिशेब. आपल्याकडचा ढाबेवाला खाट टाकून देतो आणि झोपायचे पैसे मागत नाही, तसेच.

पुढे पायलट, टीए यांसारख्या साखळ्यांनी काही जागा राखीव केल्या. मोबाइलवरून आधी नोंदवायच्या, पैसे भरायचे. ठिकाणाप्रमाणे दर कमीजास्त असतो. पंधरा-वीस डॉलर ही नेहमीची रक्कम. बाकीच्या जागा फुकटच, पण जो आधी येईल त्याच्या. गजबजलेल्या भागात त्या संध्याकाळीच भरून जातात.

ट्रक स्टॉपवाल्यांचीही बाजू आहे. जमीन महाग, शेकडो टन वजनाखाली डांबर उखडते, दिवे, सफाई, राखण यांना खर्च येतो. शिवाय राखीव जागा असली की ड्रायव्हर निर्धास्तपणे शेवटच्या तासापर्यंत गाडी चालवू शकतो. हे खरे आहे. पण आमचा भाचा सांगतो तेही खरे आहे. रात्री अकरा वाजता राखीव रांगेत जागा मोकळी दिसते आणि समोर चार ट्रक जागा शोधत फिरत असतात. फुकटच्याच जागांतून काही जागा विकायला काढल्या, तर एकूण जागा एकानेही वाढत नाही. फक्त रांग बदलते. पैसे असलेला आत जातो, नसलेला रस्त्याच्या कडेला.

फळ्यावरचे गणित

मास्तरकीची सवय सुटत नाही. आम्ही हे गणित मुलांना घातले. रात्रीला 18 डॉलर, आठवड्यात 5 रात्री, वर्षात 50 आठवडे. उत्तर आले 4,500 डॉलर.

आता दुसरी बाजू. राखीव जागा घ्यायची नाही म्हटले तर फुकटची जागा भरण्याआधी पोहोचायला हवे, म्हणजे तास शिल्लक असताना गाडी थांबवायची. पुष्कळ ड्रायव्हरांना मजुरी मैलावर मिळते. चाक थांबले की कमाई थांबली. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने 2016 मध्ये अभ्यास करून सांगितले की या कारणाने ड्रायव्हरची दिवसाला सरासरी 56 मिनिटे वाया जातात, आणि वर्षाला सुमारे 4,600 डॉलरची मजुरी बुडते.

दोन्ही आकडे जवळपास सारखे! रोज कोणी राखीव जागा घेत नाही, हे मान्य. पण अर्थ स्पष्ट आहे. पैसे भरा किंवा भरू नका, खिसा ड्रायव्हरचाच रिकामा होतो. "फुकट" म्हणतात ती जागाही त्याला फुकट पडत नाही.

सात डॉलरसाठी

तिसरी वाट म्हणजे मिळेल तिथे झोपणे. तिची किंमत पैशांत मोजता येत नाही. मार्च 2009 मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर दूध घेऊन साउथ कॅरोलिना राज्यात पोहोचला. माल उतरवायला वेळ होता, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथे चोराने त्याला गोळी घातली. हाती लागले सात डॉलर. घरी पत्नी गरोदर होती. काही दिवसांतच तिला जुळी मुले झाली. ती खचली नाही. तिने आणि इतर ड्रायव्हरांनी पाठपुरावा केला आणि 2012 मध्ये "जेसनचा कायदा" झाला. ट्रकच्या पार्किंगसाठी सरकारी निधी वापरता येऊ लागला आणि जागांची देशभर मोजणी सुरू झाली.

हा प्रश्न फक्त ट्रकवाल्यांचाही नाही. जुलै 2023 मध्ये इलिनॉय राज्यात विश्रांतीस्थळाच्या रॅम्पवर उभ्या असलेल्या ट्रकवर एक प्रवासी बस आदळली आणि तिघांचा जीव गेला.

मग झोपेची किंमत कोणी भरायची? आमच्या मते, जो दुसऱ्याचा माल वाहतो आणि कायद्याने थांबतो, त्याने एकट्याने नाही. काही कंपन्या पावती दाखवल्यावर पार्किंगचे पैसे परत देतात. हे सर्वांनी करावे. ज्यांचा माल येतो त्यांनी आपल्या गोदामाच्या फाटकाआड रात्रभर गाडी उभी राहू द्यावी. सरकारने नव्या जागा बांधाव्यात. अमेरिकी काँग्रेसमध्ये यासाठी एकाहून अधिक वेळा विधेयक मांडले गेले. त्या निधीतून होणाऱ्या जागांना भाडे लावू नये, असे त्यात म्हटले आहे. ट्रक स्टॉपवाल्याने राखीव जागा जरूर विकावी, पण नवी बांधून, फुकटची कमी करून नव्हे.

आपल्याकडेही 2025 पर्यंत 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा कामाचे तास ठरवून देत असे. पण आपला ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो, हे त्याच्या घरच्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

आम्ही हे सगळे बहिणीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलाला फोन लावायला सांगितले. "बेटा, मागच्या महिन्यात किती रात्री रस्त्याच्या कडेला झोपलास?" तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. "सहा-सात असतील, अम्मी."

"कंपनीकडे पैसे माग. नाही दिले तरी जागा घे," ती म्हणाली. "लग्नात एक पक्वान्न कमी करू."

आता ती रोज पहाटे नमाजेनंतर त्याला एकच प्रश्न विचारते. किती कमावलेस, हा नव्हे. आज कुठे झोपणार आहेस, हा. ज्यांच्या घरातला माणूस गाडीवर आहे, त्यांनी आज रात्री हा प्रश्न जरूर विचारावा.